ऑप्शन फॉर्ममधली पहिली सहा नावं डोळ्यांनी बघून या

2025 च्या प्रवेशांपासून इंजिनिअरिंगच्या कॅपला (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला) चार फेऱ्या झाल्या आणि त्याबरोबर एक नियम आला, जो बऱ्याच घरांत अलॉटमेंट लागल्यावरच कळतो. पहिल्या फेरीत ऑप्शन फॉर्ममधल्या पसंतीच्या यादीतला पहिला पर्याय लागला तर तो आपोआप फ्रीज, म्हणजे तीच जागा पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही लागला तरी फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही लागला तरी फ्रीज. चौथीत जे लागेल ते. फ्रीज झालेली जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. यंदाचं माहितीपत्रक हातात आलं की आधी हेच पान उघडून खात्री करा.

फॉर्ममध्ये 300 पर्याय भरता येतात, पण खरा जीव वरच्या सहांत आहे. ती सहा नावं वेबसाइटचे फोटो बघून किंवा मामाच्या मित्राच्या सांगण्यावरून भरू नयेत, असं मी कळकळीने सांगतो. गाडी काढा, मुलाला किंवा मुलीला घेऊन जा आणि बघून या. पर्याय म्हणजे कॉलेज अधिक ब्रँच, त्यामुळे सहा पर्याय म्हणजे बहुतेकदा तीन-चार कॉलेजं, फार तर पाच-सहा. चार दिवसांत हे नीट होतं.

उदाहरण सोलापूरकरांचं घेतो, कारण इथून एक सरळ फेरा बसतो: सोलापूर, सांगली, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), कराड, पुणे आणि परत. सगळं मिळून साधारण 700 किलोमीटर, गावातलं फिरणं धरून 750 ते 800. लिटरला 15 देणाऱ्या गाडीला पन्नास-पंचावन्न लिटर पेट्रोल लागेल.

निघायच्या आधीचं काम घरी बसून करायचं. मागच्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांच्या कटऑफ याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. त्यात प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होमबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना 70 टक्के आणि बाहेरच्यांना 30 टक्के जागा, अशी वाटणी जिथे आहे तिथे सोलापूरच्या मुलाला पुणे आणि शिवाजी विद्यापीठाखालच्या कॉलेजांत ओ चाच रकाना लागू होतो. पालक हमखास एच चा आकडा वाचतात आणि "हे तर मिळतंय" म्हणून निघतात. दोन्ही आकडे शेजारी लिहून काढा. कुठल्या कॉलेजला कोणता रकाना आहे ते यादीतच दिसतं. मुलीची यादी करताना एल ने सुरू होणारे कोड बघा, तो मुलींच्या राखीव जागांचा आकडा.

आता तारीख. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मे-जूनमध्ये सगळ्यांना सुट्टी असते, म्हणून लोक तेव्हा जातात. कॉलेजलाही तेव्हाच सुट्टी असते. लॅबला कुलूप, होस्टेल रिकामं, मेस बंद, आणि भेटतो फक्त प्रवेश कक्षातला माणूस, ज्याचं कामच कॉलेज चांगलं सांगणं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग साधारण जुलैत सुरू होतात, तेव्हा जा. मंगळवार ते शुक्रवार धरा. फोन करून एवढंच विचारा: "सेकंड इयरची लेक्चर्स सुरू झाली का?" ऑप्शन फॉर्म भरायला फेरी जाहीर झाल्यावर जेमतेम तीन-चार दिवस मिळतात, तेव्हा गाडी काढायला उशीर झालेला असतो.

जुलैत दोन गोष्टी आडव्या येतात. एक पाऊस. दुसरी वारी. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असं सोलापूर रस्त्यानेच येते आणि इंदापूरलाही असते. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. एकादशीच्या आसपास पंढरपूरच्या गर्दीमुळे मंगळवेढा, सांगोल्याकडचे रस्तेही भरतात. पालखीचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. ते समोर ठेवून तारीख ठरवा.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला सोलापूर सोडायचं. रत्नागिरी-नागपूर महामार्गाने मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज. साधारण 190 ते 200 किलोमीटर, चहा-नाष्टा धरून दहाच्या आत विश्रामबाग. वालचंद कॉलेज सांगली-मिरज रस्त्यावर आहे, म्हणजे मिरजेकडून येताना सांगली शहरात शिरावंच लागत नाही. 1947 पासूनचं कॉलेज आहे, दोनपर्यंतचा वेळ त्याला द्या. मुक्काम सांगलीत. संध्याकाळी मुलं जिथे खोल्या घेऊन राहतात त्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा आणि 2019, 2021 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते दुकानदाराला विचारा. कृष्णेच्या काठच्या गावात खोली घेताना भाड्याच्या आधी हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी आष्ट्यावरून इस्लामपूर, चाळीसेक किलोमीटर. साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट दहा ते साडेबारा. मग पेठ नाक्याला महामार्गावर चढून कराड, तासाभराचा रस्ता. कराडचं सरकारी कॉलेज (1960 सालचं) गावाच्या पलीकडे विद्यानगर-सैदापूरला आहे, त्यामुळे महामार्गावरून उतरून गाव ओलांडावं लागतं. पाचला तिथलं संपलं की कराडमध्येच थांबा. "अजून उजेड आहे, पुणे गाठू" हा मोह टाळा. 160 किलोमीटर आहेत, सातारा पट्ट्यात सहापदरीकरणाची वळणं लागतात, खंबाटकी आहे, आणि पावसात हे सगळं अंधारात येतं. शिवाय दुसऱ्या दिवशी पोरगं पेंगतं आणि तिसऱ्या कॉलेजवर अन्याय होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालात तर साडेनऊला पुण्याच्या दक्षिण टोकाला पोहोचता. धनकवडीचं पीआयसीटी आणि बिबवेवाडीचं व्हीआयटी एकमेकांपासून जवळ आहेत, ते एका दिवसात होतात. मुलीसाठी कर्वेनगरचं कमिन्स (फक्त मुलींचं कॉलेज) यादीत असेल तर ते या दोनांतल्या एकाच्या जागी घ्या, तिसरं म्हणून घुसवू नका. दिवसाला दोनच कॉलेजं. तिसऱ्या कॉलेजात माणूस फक्त इमारत बघतो. रस्त्याबद्दल एक: नवा कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे आणि तिथले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. गाडी खालच्या गियरवर ठेवा, न्यूट्रल करू नका, मागे-पुढे ट्रक असेल तर अंतर सोडा.

चौथ्या दिवशी गाडी लॉजवरच ठेवा. स्वारगेटजवळ उतरला असाल तर मेट्रोने चौथं स्टेशन शिवाजीनगर, तिथून सीओईपी जवळ. तिथून लोणावळा लोकलने आकुर्डी, निगडी प्राधिकरणातलं पीसीसीओई तिथून हाकेच्या अंतरावर. पार्किंगची कटकट वाचते हे एक, पण मुलगा पुढची चार वर्षं याच लोकलने आणि याच बसने फिरणार आहे, ते त्याला आत्ताच कळतं.

गाडीचं थोडक्यात. जुलै आहे, वायपरची रबरं बदला. स्टेपनीत हवा भरून घ्या, पीयूसी आणि विम्याच्या तारखा बघा. फास्टॅगमध्ये 1,500 रुपये असू द्या. कराड-पुणे तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे तीन टोल, परतीला पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे चार, शिवाय मिरजेकडे जाताना लागतात ते वेगळे. फास्टॅगचा वर्षाचा पास एकट्या या फेऱ्यासाठी परवडत नाही. पोरगं पुण्यात राहिलं आणि वर्षात पाच-सहा वेळा जाणं-येणं झालं तर मात्र विचार करा.

गाडीत चारच माणसं. काका, आत्या आणि देवदर्शन वेगळ्या सहलीला. मुलगी असेल तर आई किंवा मोठी बहीण हवीच, कारण मुलींच्या होस्टेलच्या दारातून वडिलांना आत सोडत नाहीत, आणि बाहेरून बघितलेलं होस्टेल म्हणजे न बघितलेलं.

कॉलेजात पोहोचल्यावर प्रवेश कक्षात शेवटी जा, आधी डिपार्टमेंटला. गेटवर आधार कार्ड दाखवून नोंद करावी लागते. आठवडाभर आधी विभागप्रमुखांना ईमेल केला असेल तर आत जाणं सोपं जातं. व्हरांड्यातल्या फलकावर टाइमटेबल लावलेलं असतं, त्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. प्रत्येक तासाच्या चौकटीत विषय आणि शिक्षकाची आद्याक्षरं असतात. किती वेगवेगळी आद्याक्षरं आहेत ते मोजा. जिथे आद्याक्षरांऐवजी 'एनएफ' (न्यू फॅकल्टी) लिहिलंय किंवा ती जागा रिकामी आहे, तिथे शिक्षक अजून भरायचा आहे. एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं) प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे, आणि 2024 पासून चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांना एकेका ब्रँचच्या जागा वाढवायला पूर्वीची मर्यादा राहिलेली नाही. म्हणून कॉम्प्युटरच्या जागा दोन वर्षांत किती वाढल्या आणि खोल्या, लॅब, शिक्षक किती वाढले, हे दोन्ही विचारा. नॅकचं मानांकन पूर्ण संस्थेला मिळतं, एनबीएचं एकेका कोर्सला. फाटकावर एनबीएची पाटी असली तरी तुमच्या ब्रँचला आहे का, ते वेगळं विचारावं लागतं.

लॅबमध्ये यंत्रांची संख्या बघू नका, वापर बघा. लेथच्या चकवर गंज आहे की ताज्या तेलाचा हात आहे? खाली ट्रेमध्ये धातूचा भुसा आहे का? कॉम्प्युटर लॅबमध्ये 20 जणांची बॅच बसली असेल तर किती स्क्रीन चालू आहेत आणि किती खुर्च्यांवर दोघं बसलेत? कोणा मुलाकडून प्रॅक्टिकलची जर्नल मागून घ्या. शेवटच्या सहीची तारीख बोलते.

मग कँटीन. इथे पालकांनी वेगळ्या टेबलावर बसायचं आणि मुलाने एकट्याने तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलायचं. वडील समोर असले की तीच मुलं "चांगलं आहे काका" एवढंच म्हणतात. प्लेसमेंटबद्दल सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. विचारायचं असं: तुमच्या ब्रँचच्या शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, प्लेसमेंटला नाव कितींनी दिलं, आणि मधल्या मुलाला किती मिळालं. टक्केवारी नाव देणाऱ्यांवर काढलेली की सगळ्या वर्गावर, यात फार फरक पडतो.

होस्टेलचा पहिला प्रश्न खोलीचा नाही, पहिल्या वर्षाला बेड किती आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी किती, हा आहे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी पहिल्याच वर्षी बाहेर खोली किंवा पीजी बघावी लागते. पाणी किती वाजता येतं, रात्री परत यायची वेळ काय, डिपॉझिट कधी परत मिळतं. आणि मेसमध्ये कूपन घेऊन एक वेळ जेवाच. अँटी-रॅगिंग समितीची नावं फलकावर आहेत का बघा. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 मुलाच्या फोनमध्ये भरून ठेवा.

पैशाचं बोलणं अकाउंट्सच्या खिडकीवर करा. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. ती छापून न्या. कॉलेजने सांगितलेला आकडा जास्त असेल तर जादा रक्कम कशाची ते तिथेच विचारा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्था स्तरावरच्या (कॉलेज स्वतः भरतं त्या) जागेला ही माफी नाही, आणि राजर्षी शाहू शिष्यवृत्तीही नाही. होस्टेल, मेस यांचा खर्च या माफीत येत नाही, तो वेगळा मांडा.

या फेऱ्यात कुठेही एक रुपया भरू नका. "आत्ता सीट धरून ठेवा, नंतर मिळणार नाही" असं कोणी म्हटलं तर सरळ उठा. डोनेशन घेणं राज्यात 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. मूळ दाखले सोबत नेऊच नका, झेरॉक्स पुरते. आणि कॅपच्या लॉगिनचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, तो माणूस ओळखीचा असला तरी. दुसऱ्याने भरलेला आणि लॉक केलेला फॉर्म तुमचाच धरला जातो.

रोज रात्री लॉजवर, जेवणाआधी, कॉलेजमागे एक पान लिहा. चार दिवसांनी सगळ्या लॅब डोक्यात एक होतात. शेवटच्या रात्री तीन चिठ्ठ्या करा: मुलाने आपले सहा पर्याय लिहायचे, आईने वेगळे, वडिलांनी वेगळे, एकमेकांना न दाखवता. मग उघडा. जिथे जुळत नाही तिथेच बोला, आणि मुलाच्या चिठ्ठीपासून सुरुवात करा. त्याला कराडचं मेकॅनिकल हवं असेल आणि तुम्हाला पुण्याचं कॉम्प्युटर, तर ते भांडण त्या रात्रीच व्हावं, फॉर्म लॉक करायच्या शेवटच्या तासाला नाही.

ठरलेली यादी कोऱ्या कागदावर चॉइस कोडसकट लिहा. एकाच कॉलेजच्या दोन ब्रँचचे कोड अनेकदा थोड्याच आकड्यांनी वेगळे असतात. फॉर्म भरताना एकाने कोड मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. पहिली सहा नावं दोनदा वाचा आणि मगच कन्फर्म करून प्रिंट काढा.