मे महिन्यात टप कोण काढतं?

कापडी छताच्या जीपवरचा एक लेख वाचला. टप, म्हणजे ते छत, काढून फिरल्याशिवाय अशा जीपची मजा नाही, असं त्यात म्हटलंय. मान्य. पण एकदा जळगावात मे महिना काढून बघा. पारा ४५ च्या घरात, त्यात छत काळं, कापडी. दुपारी बेल्टच्या बकलला हात लागला की चटकाच. सासरे पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "जावईबापू, हाई गाडी शे का भट्टी?"

आमचा टप निघतो तो दिवाळीनंतर, तोरणमाळच्या घाटात किंवा पाटणादेवीला जाताना. एरवी धुळीने टपाची चेन (झिप) अडकते, तिच्यावर मेणबत्ती घासतो. सिलिकॉन स्प्रेपेक्षा स्वस्त!

मॉडिफिकेशनचं म्हणाल तर केळीच्या मळ्यात जायला रुंद टायर हवे होते. दुकानदार म्हणाला, काही होत नाही. चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासायचे, आणि काळ्या मातीत खाचा भरल्या की तेही गुळगुळीतच. महिनाभरात मूळ टायर परत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, मूळ रचना बदलायला बंदी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. लेखात याबद्दल एक ओळ हवी होती. रबरी मॅट मात्र जरूर घ्या, चिखल पाइपाने धुता येतो.