अडकित्ता पकडला ते ठीक, पण विमान वाचवते कोण?

विमानतळावरच्या चेकिंगचा विषय निघाला का आमच्या गावात दोन पार्ट्या पडतात. पुण्याला, बंगलोरला पोराकडं जाऊन आलेला माणूस सांगते का सगळा देखावा आहे, माहं लोणचं काढून घेतलं अन बाजूच्याचं काय काय जाऊ दिलं. अन दुसरा, जो बहुतेक विमानात कधी बसलेलाच नसते, तो म्हणते देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, दोन मिनिटं हात वर करून उभं राह्यलं तर काय झिजते का. पारावर या विषयावर एवढं भांडण झालं परवा का शेवटी मुद्दा सोयाबीनच्या भावावर गेला, जिथं आमचे सगळेच मुद्दे जातात.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ते चेकिंग बिनकामाचं नाही. पण त्याचं जे काम आहे ते आपण समजतो त्याच्यापेक्षा लय लहान आहे. कोणी उठला, खिशात कट्टा टाकला अन विमानात जाऊन बसला, एवढं होऊ नये यासाठी ते आहे. विमान खरोखर ज्याच्यानं वाचते ते बहुतेक आपल्या डोळ्यासमोर होतच नाही, म्हणून त्याच्यावर कोणी पोस्ट टाकत नाही, अन आपला सगळा राग तिथल्या ट्रेवर निघते.

आधी जुनं सांगतो, कारण नव्या पोट्ट्यांना हे माहीतच नाही. 30 जानेवारी 1971 ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं विमान दोन पोरांनी लाहोरला नेलं. त्यांच्याजवळ काय होतं? खेळण्यातलं पिस्तूल अन लाकडाचा हातबॉम्ब. बस. मंग डिसेंबर 1978 मध्ये इंदिरा गांधींना जेलातून सोडा म्हणून दोघा भिडूंनी दिल्लीला चाललेलं विमान वाराणसीला नेलं, तेव्हाही पिस्तुलं खेळण्यातली अन बॉम्ब म्हणून दाखवला तो क्रिकेटचा बॉल. या दोघांना पुढं 1980 मध्ये काँग्रेसचं तिकीट भेटलं अन दोघंही उत्तर प्रदेशात आमदार झाले, हे मी बनवून सांगत नाही, पाहून घ्या. आपल्या देशात काय काय होऊन राह्यलं ना बाप्पा.

आता याच्यातला मुद्दा पाहा. खोट्या पिस्तुलानं विमान पळवता आलं कारण ते खोटं आहे हे पायलटला कळायला मार्गच नव्हता. दारात नीट चेकिंग झालं असेल तर कोणी उभा राहून 'बॉम्ब आहे' म्हणला तरी आतल्या लोकांना निदान अंदाज राहते का हा बहुतेक फेकून राह्यला. चेकिंगचा हा फायदा मले सगळ्यात मोठा वाटते अन तो कोणी बोलत नाही. अमेरिकेत 1968 ते 1972 या काळात शंभरावर विमानं पळवली गेली, कोणी क्युबाला ने म्हणे, कोणी पैसे मागे. 5 जानेवारी 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची अन त्याच्या हातातल्या बॅगेची तपासणी सुरू झाली अन हे प्रकार एकदम खाली आले. तर 'सगळा देखावा आहे' म्हणणाऱ्यानं आधी हा हिशोब मांडावा.

पण म्हणून दुसऱ्या पार्टीनं हुरळून जायचं कारण नाही.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा मी सोबत होतो. कोणतं विमानतळ ते राहू द्या. मामाजी धोतर, बंडी, डोक्यावर टोपी, अन कमरेला चांदीचा करदोडा, जो लग्नापासून निघालेला नाही. दारातून गेले का टूंऽऽ. हातातलं मशीन कमरेजवळ नेलं का पुन्हा टूंऽऽ. वर्दीतला पोरगा म्हणे, बाबा बेल्ट निकालो. मामाजी म्हणे, "बेल्ट नाही ना बाप्पा, करदोडा हाय, मेल्यावरच काढतीन आता." त्याले काही समजलं नाही, म्हणून मामाजीनं सरळ बंडी वर केली. मागं रांगेत कोणतरी हसलं, पण तो पोरगा नाही हसला, त्यानं बोट फिरवून पाह्यलं अन जाओ बाबा म्हणला. चांगला होता पोरगा. पण इकडं पट्ट्यावर पिशवी अडकली होती. त्यातून निघाला अडकित्ता. पितळी मुठीचा, त्यांच्या बापाचा, पातं घासून घासून अर्धं राह्यलेलं. सुपारीही धड कातरत नव्हता तो, मामाजी नुसता सोबत ठेवत. मोठी बॅग तर आधीच पट्ट्यावरून आत गेलेली. मामाजीनं त्या पोराकडं पाह्यलं अन एकच विचारलं, "याच्यानं मी इमान पयवून नेईन काय?"

पोरगा म्हणे, रूल है बाबा. त्याचंही बरोबर होतं, धारदार वस्तू म्हणजे धारदार वस्तू, त्याले कोणाचा बाप अन कोणाचा आजा हे पाहत बसायला सांगितलेलं नाही. पण पुढं गेलो तर आतल्या दुकानात काचेच्या जाड बाटल्यांतून अत्तर विकून राह्यले होते. काच फोडली का अडकित्त्याहून भारी धार येते, हे आमच्या गावच्या दुसरीतल्या पोट्ट्यालाही समजते.

इथंच गोम आहे. ते मशीन अन तो माणूस धोका शोधत नाही, यादीतली वस्तू शोधते. अन यादी बनते मागं जे झालं त्याच्यावरून. 11 सप्टेंबर 2001 च्या आधी अमेरिकेत चार इंचाहून लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत होता, म्हणजे त्या दिवशी विमानं पळवणाऱ्या 19 जणांनी जे नेलं त्यातलं बरंच काही नियमात बसत होतं. मंग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकानं बुटात स्फोटक भरलं, मंग लोकांचे बूट काढणं सुरू झालं. 2006 मध्ये लंडनहून निघणारी विमानं कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतल्या स्फोटकानं उडवायचा कट सापडला, तेव्हापासून हातातल्या बॅगेत पातळ वस्तूची बाटली 100 मिलीहून मोठी नको, हा नियम. 2009 च्या नाताळात एकानं चड्डीत लपवून नेलं, मंग अंगभर स्कॅनर आले. अन हे पाहा, बूटवाल्याला अन चड्डीवाल्याला कोणी थांबवलं? बाजूच्या सीटवरच्या प्रवाशांनी अन हवाईसुंदरींनी, दोघांचाही बॉम्ब नीट पेटला नाही म्हणून वेळ भेटला. अन 2006 चा कट विमानतळापर्यंत पोचलाच नाही, पोलिसांनी पाळत ठेवून आधीच उचलले. तिन्हींपैकी एकातही दारातल्या मशीनचा काही हात नाही. बुटांचा नियम अमेरिकेनं जुलै 2025 मध्ये काढून टाकला, म्हणजे इतकी वर्षं करोडो लोक मोजे घालून त्या फरशीवर उभे राह्यले.

अमेरिकेतलंच अजून एक. 2015 मध्ये तिथल्या सरकारच्याच माणसांनी साधे प्रवासी बनून खोटे बॉम्ब अन हत्यारं चेकिंगमधून नेऊन पाह्यली. बातमी फुटली तेव्हा आकडा आला 70 पैकी 67 वेळा माल आत गेला. चेकिंग करणाऱ्या खात्याच्या साहेबाला खुर्चीवरून हलवलं. आता याच्यावर आपले लोक हसतात, पण मले त्या पडद्यासमोर बसणाऱ्याची दया येते. जागलीला माचीवर बसलेल्या माणसाला विचारा, दहा रात्री रानडुक्कर येत नाही अन अकराव्या रात्री डोळा लागते तेव्हाच येते. दिवसभर चार्जर, डबे, चपला पाहून पाहून डोळ्याले काहीच दिसेनासं होते. म्हणून त्या मशीनमध्ये मधूनमधून मुद्दाम बंदुकीचं, बॉम्बचं खोटं चित्र घुसवतात, म्हणजे बसलेला माणूस जागा आहे का नाही ते कळते, अन थोड्या थोड्या वेळानं माणूस बदलतात. ही खरी अक्कल झाली. रांग थांबली अन खुर्चीवरचा माणूस बदलून राह्यला दिसला तर कटकट करू नका, तो तुमच्याच भल्यासाठी उठून राह्यला.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. 1985 चं कनिष्क. 23 जून, एअर इंडियाचं विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, 329 माणसं गेली. बॉम्ब होता चेक-इन केलेल्या बॅगेत, जी व्हँकुव्हरहून पुढं आली होती, अन ज्याची बॅग तो माणूस विमानात चढलाच नाही. टोरंटोला एक्स-रे मशीन बंद पडलं होतं, हातातल्या यंत्रानं बॅगा तपासल्या. म्हणजे माणूस नाही अन त्याचं सामान विमानात, एवढी एक गोष्ट कोणी जुळवून पाह्यली असती तर! आता ते जुळवतात. विमान उभं आहे, दार बंद होऊन नाही राह्यलं, अन सांगतात का एक प्रवासी आला नाही, त्याचं सामान उतरवून राह्यलो, तेव्हा आजूबाजूचे सगळे घड्याळ पाहून चिडतात. माझ्या मते सगळ्या प्रवासात सुरक्षेचा सगळ्यात कामाचा अर्धा तास तोच.

दुसरं म्हणजे पायलटच्या खोलीचं दार. 2001 नंतर ते मजबूत केलं अन आतून बंद ठेवू लागले, आता मागं कोणी कितीही ओरडला तरी विमान त्याच्या हातात जात नाही. (त्या दाराचंही दुसरं टोक आहे. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटनं कॅप्टन बाहेर गेल्यावर दार आतून लावलं अन विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं, 150 माणसं गेली. कोणताच उपाय फुकटात येत नाही.) तिसरं, प्रवासी स्वतः बदलले, आता कोणी गुपचूप बसून राहत नाही.

आपल्याकडं कंदहारनंतर चित्र बदललं, डिसेंबर 1999 चं ते, काठमांडूहून निघालेलं विमान पळवून नेलं, अन शेवटी जेलातल्या तिघा अतिरेक्यांना सोडावं लागलं. त्यानंतर 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळं सीआयएसएफकडं, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाकडं गेली. पण हे ध्यानात ठेवा का हत्यारं चढली होती काठमांडूला, आपल्या कोणत्या विमानतळावर नाही. म्हणजे आपण नागपुरात कितीही खिसे चाचपले तरी दुसऱ्याच्या दारातलं भोक आपल्यालेच भोवते.

नियम लवचिक होऊ शकतात हेही खरं. शीख भावांना देशातल्या विमानात कृपाण नेता येते, पातं सहा इंचापर्यंत, माझा काही विरोध नाही. खोबऱ्यात तेल असते, पेट घेते, म्हणून नारळाला केबिनमध्ये बंदी, पण 2022 मध्ये शबरीमलाच्या भक्तांसाठी काही महिने सूट दिली होती. मंग एवढं होऊ शकते तर अडलेली वस्तू पोस्टानं घरी पाठवायची एक खिडकी प्रत्येक विमानतळावर काहून नसावी? पैसे घ्या ना, कोण नाही म्हणते. अन बॅग आत जायच्या आधी मराठीत, मोठ्या चित्रासकट सांगा, का अडकित्ता, चाकू, काडीपेटी, लायटर आताच बघून घ्या. नंतर सांगून काय उपयोग. आता बेलोऱ्याहून, म्हणजे आपल्या अमरावतीहूनही एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उडून राह्यलं, खेड्यातला म्हातारा माणूस आता जास्तच येईल तिथं, त्याच्या बंडीत काय असते हे नियम बनवणाऱ्यांना कोणीतरी सांगावं.

अन एक जे मले खरंच खटकते. 1 जुलै 2023 ची ती रात्र आठवते ना, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला चाललेली ट्रॅव्हल्स उलटली अन पेटली, 25 माणसं आतल्या आत जळाली. पुण्याला जाणारी तीच आपली पोरं, तेच मायबाप. विमानात जाताना त्यांची 100 मिलीची बाटली मोजतात, अन रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत कोणाचं कोणतं पार्सल पडलं आहे, ड्रायव्हर किती तास झोपलेला नाही, मागचं दार उघडते का नाही, हे कोण पाहते? अमेरिकेत 2001 नंतर लोक विमान सोडून गाडीनं जाऊ लागले तर रस्त्यावरचे मृत्यू वाढले, असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे विमानतळावरचा जाच इतकाही वाढवू नका का माणूस पुन्हा रात्रीच्या गाडीत जाऊन बसेल.

बाकी पॉवर बँकेचं कोणी मनावर घेत नाही, पण आजच्या घडीला विमानात आग लागायची खरी भीती त्या डबीची आहे, लोणच्याची नाही. जानेवारी 2025 मध्ये कोरियात बुसानला एअर बुसानचं विमान जमिनीवर उभं असतानाच जळालं, तिथंही वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवरच संशय गेला. बॅटरीनं हातातल्या बॅगेत पेट घेतला तर माणसं विझवतात, खाली सामानात घेतला तर कोणाले पत्ताही लागत नाही. म्हणून जाणाऱ्यांनो, लोणच्याची बरणी झाकणाखाली पन्नी लावून खालच्या मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. उलटं केलं तर दोन्ही गेले समजा.