सागरी स्वरूपाचा वास

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गेल्या काही दिवसांपासून बी विंगच्या डक्टमधून सागरी स्वरूपाचा उग्र वास येत असल्याच्या तोंडी तक्रारी संस्थेकडे प्राप्त झाल्या आहेत. संबंधितांनी (चौथा मजला) योग्य ती दखल घ्यावी. कोणाही सभासदाचा नामनिर्देश करण्याचा संस्थेचा हेतू नाही. हुकुमावरून.’

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत हा कागद लागला आहे. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर फ्लॅट दोन. एकाला एप्रिलपासून कुलूप, मंडळी मुलाकडे अमेरिकेत. राहता राहिलो आम्ही, कोकणातल्या हर्णै बंदराकडचे. नामनिर्देशाचा हेतू नाही म्हणतात ते खरंच आहे म्हणा. हेतू असता तर कंसात माझ्या पायपुसण्याचा रंगही आला असता.

सोसायटीच्या फलकावर दोन जातींचे कागद लागतात. एक कायद्यातले. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची ५ दिवस आधी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासदांची किंवा २० जणांची, यांतली जी कमी असेल ती. खाली ती अजरामर ओळ, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तीस गणपूर्तीची अट राहणार नाही. त्यामुळे दहाच्या सभेला यच्चयावत सभासद साडेदहाला येतात आणि दहा वाजता सेक्रेटरी एकटेच सतरंजीवर बसून घड्याळ बघत सभा तहकूब करतात. हे सगळं नियमात बसतं, म्हणून मला त्यात काही टोचत नाही. थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, तेही मला मान्य आहे. निदान आकडा कळतो.

दुसरी जात ‘संबंधितांनी’वाली. हिला १४ दिवस नकोत, गणपूर्ती नको, ठराव नको. रात्री अकराला कोणाच्या तरी नाकाला काहीतरी लागतं आणि सकाळी सातला कागद लॅमिनेट होऊन पेटीत असतो. पेटीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, म्हणजे खाली कोणी पेनाने उत्तर लिहायचीही सोय नाही.

सूचना कशी असावी ते आमच्या महापालिकेकडून शिकावं. ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील व शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ वर्षानुवर्षं हेच वाक्य. कुठला वार, किती पाणी, पुढे काय, सगळं आलं, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय यावर अवाक्षर नाही. बायका बुधवारी रात्रीच पिंपं भरून ठेवतात.

किंवा बंदरावरून शिकावं. आमच्याकडे हवा बिघडायची चिन्हं दिसली की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. कागद नाही, सही नाही, हुकुमावरून नाही. दिवसा बावटा, रात्री दिवे. तो दिसला की ज्याने त्याने होड्या वर ओढायच्या, नांगर तपासायचे. दुसरी सूचना मत्स्यव्यवसाय खात्याची, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. तीही सर्वांना सारखी. दोन्ही सूचना उद्या काय करायचं ते सांगतात. आमच्या पेटीतला कागद काल कोणी काय केलं ते सांगतो, करायचं काय याबद्दल ‘योग्य ती दखल’. आता दखल घ्यायची म्हणजे मी नेमकं काय करायचं? खिडकीत उभं राहून समुद्राला दम द्यायचा?

म्हणून मी सेक्रेटरी काकांची बेल वाजवली. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, माणूस म्हणून सज्जन, लाइट बिल भरायच्या रांगेत स्वतःचा नंबर म्हाताऱ्यांना देणारे. मला बघून ते चपापले वगैरे नाहीत. ‘या वहिनी, मी तुमचीच वाट बघत होतो,’ म्हणाले आणि आतून एक शंभरपानी वही घेऊन आले. वहीला खाकी कव्हर, कव्हरवर चिकटपट्टी, त्यावर शाईने ‘वास : बी विंग’.

वहीत पट्टीने रकाने आखलेले. दिनांक. वेळ. मजला. तीव्रता, म्हणजे सौम्य, मध्यम, तीव्र. वाऱ्याची दिशा. शेरा.

‘वाऱ्याची दिशा कशी कळते हो काका? डक्ट तर चारी बाजूंनी बंद आहे.’

‘मोबाइलमध्ये होकायंत्र आहे ना.’

‘ते उत्तर दाखवतं.’

‘हो, मग उत्तर लिहितो.’

खरोखरच पानभर उत्तर वारा होता. मी शेरे वाचत गेले. ‘पहाटे ५.४० तीव्र. सौ. उठल्या.’ ‘सकाळी ६.१५ तीव्र. चहा घेता आला नाही.’ ‘रात्री १०.३० मध्यम. खिडकी लावून घेतली.’ ‘दुपारी नाही.’ ‘दुपारी नाही.’ एका ओळीला लाल शाईने अधोरेखित, ‘एकादशी!’

‘एकादशीच्या दिवशी, वहिनी?’ काकांच्या आवाजात राग नव्हता. दुःख होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

‘काका, त्या दिवशी आम्ही अलिबागला नणंदेकडे होतो.’

‘मग आदल्या दिवशीचा रेंगाळला असेल.’

‘आदल्या दिवशीपण तिथेच होतो.’

काकांनी थोडा विचार केला, पेन काढलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘सभासद गावी. वास चालू.’ मग वही माझ्याकडे वळवून म्हणाले, ‘इथे सही करा. म्हणजे तुमची बाजूही रेकॉर्डवर आली.’ मी सही केली. का केली देव जाणे. त्या वहीसमोर कोणीही करेल.

‘मी काय म्हणतो वहिनी, बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. आपण वेळ ठरवू. रविवारी अकरा ते बारा. तेव्हा तशीही सगळी बाहेर असतात. गुरुवार, चतुर्थी, एकादशी सोडायची. श्रावण तर तुम्हीच पाळत असाल. उरलेल्या दिवशी अगदी मोकळेपणाने करा.’

पाहुण्यांच्या गाड्यांना आमच्याकडे जशी पार्किंगची वेळ ठरवून दिलेली आहे, तशी माझ्या तव्याला वेळ मिळाली होती. मी विचारलं, ‘काका, पहाटे ५.४० ला बोंबील कोण भाजतं?’

‘तुमच्या पद्धती आम्हाला कशा माहीत असणार?’

आता पद्धत सांगतेच. जून-जुलैत ताजी मासळी कमी आणि महाग, गणेश पेठेतल्या बाजारात गेलं तरी पिशवी निम्मीच भरते, म्हणून या दिवसांत घरोघरी सुकं निघतं. ओला बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. त्याचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करतात आणि बांबूच्या वलांडीवर उन्हात टांगतात. वाळला की कडक होतो. तो घरी आणला की कात्रीने डोकं, शेपटी आणि पर काढायचे, दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे, कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजायचे. कडा तांबूस व्हायला हव्यात; काळ्या झाल्या की कडू लागतो, आणि खरा घमघमाट तेव्हाच सुटतो. मग कोमट पाण्यात दहा मिनिटं, चोळून धुवायचे, पिळून घ्यायचे. पुढे कांदा, ठेचलेला लसूण, मसाला, बटाट्याच्या फोडी, आणि शेवटी तीन-चार आमसुलं. आमसुलं आधी घातली तर बटाटा शिजत नाही.

मासळीचा तो विशिष्ट वास येतो ट्रायमिथाइलअमाइनमुळे. हा पदार्थ उडून जाणारा, म्हणून नाकापर्यंत पोचतो. त्याला आंबट भेटलं की त्याचा क्षार होतो आणि तो उडायचा थांबतो. चिंच, लिंबू, आमसूल हे नुसते चवीचे लाड नाहीत. तवा आणि ओटाही चिंचेच्या कोळाने पुसावा, साबण त्यानंतर. एक्झॉस्ट भाजायच्या दोन मिनिटं आधी लावायचा, भाजायला घेतल्यावर नाही, आणि हॉलचं दार लोटून घ्यायचं. डोकी, शेपट्या कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये, सकाळी कचरा नेणाऱ्या ताई आल्या की थेट ओल्या बादलीत. रात्रभर डब्यात ठेवल्या तर मांजर आणि मुंग्या दोघांनाही निमंत्रण. एवढं सगळं केल्यावर वास उरतो तासभर, फार तर दीड. पहाटेपर्यंत तो टिकत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ‘ट्रायमिथाइलअमाइन’ शेऱ्यात लिहून घेतलं, चुकीचं.

तळमजल्यावरच्या घरात रोज संध्याकाळी धूप पेटतो आणि माझे डोळे चुरचुरतात. दुसऱ्या मजल्यावर महिन्याला लोणी कढतं, जरा जास्तच कढतं, आणि करपलेल्या बेरीचा वास माझ्या उशीपर्यंत येतो. ए विंगमध्ये हिंग परतला की मला बी विंगमध्ये कळतं. यांतल्या एकाचीही वही नाही. घर बघायला आलो होतो तेव्हा दलालाने चावी फिरवायच्या आधी ‘तुमच्यात चालतं का?’ असं विचारलं होतं, आणि हा प्रश्न घर भाड्याचं असो की विकतचं, पुण्यात अजून चावीच्या आधीच येतो. तेव्हा हसून सोडून दिलं. आता पेटीतला कागद बघितला की ते हसू जरा परत घ्यावंसं वाटतं.

वासाचं मूळ सापडलं ते प्लंबरमुळे, आणि गंमत म्हणजे काकांच्या वहीमुळे. प्लंबर आला होता गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बदलायला. काकांनी त्याला सवयीने वही दाखवली. त्याने वेळा वाचल्या आणि विचारलं, ‘चवथ्या मजल्यावर कुठला फ्लॅट बंद हाय का?’

त्याचं म्हणणं असं. बाथरूमच्या कोपऱ्यात जाळीखाली जो नाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं. गटाराची हवा घरात शिरू नये म्हणून तेवढंच काय ते कुलूप. घर वापरात असलं की ते पाणी रोज नवं होतं. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या उन्हात बंद घरातलं पाणी काही आठवड्यांत उडून जातं, आणि ड्रेनेजच्या उभ्या पाइपला थेट बाथरूममध्ये तोंड फुटतं. वरच्या मजल्यांवर पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि रात्री दहानंतर सगळ्यांचे फ्लश एका वेळी सुरू झाले की कोसळणारं पाणी पाइपमधली हवा पुढे ढकलतं. ती बंद फ्लॅटच्या कोरड्या ट्रॅपमधून वर येते, खिडकीच्या काचपट्ट्यांतून डक्टमध्ये आणि डक्टमधून काकांच्या चहापर्यंत. दुपारी फ्लश कमी, म्हणून ‘दुपारी नाही’.

‘म्हंजे मॅडम,’ प्लंबर मला म्हणाला, ‘हा बोंबील नाय. ही आपली सगळ्यांचीच गटार हाय.’

काकांनी समुद्र शेवटचा कधी हुंगला होता ते मी विचारलं नाही.

इलाजही त्यानेच सांगितला. बंद घराच्या प्रत्येक नाणी ट्रॅपमध्ये एकेक तांब्या पाणी, त्यावर दोन चमचे खायचं तेल. तेल पाण्यावर तरंगतं, पाणी लवकर उडत नाही. बेसिनच्या आणि ओट्याच्या सिंकमध्येही थोडं पाणी सोडायचं, कमोडचा फ्लश एकदा ओढायचा. उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी, पावसाळ्यात महिन्याने. गावाला जाणाऱ्या प्रत्येकाने निघताना केलं तर पाच मिनिटांचं काम आणि शून्य खर्च.

दुसऱ्या दिवशी पेटीत नवा कागद लागला, ‘नाणी ट्रॅपबाबत’. नेमका, मुद्देसूद, तेलाच्या चमच्यांसकट. सूचना म्हणून मला आवडला. जुना मात्र शेजारी तसाच. मी काकांना म्हटलं, तो काढा ना आता. ते म्हणाले, ‘काढता येणार नाही वहिनी. तोंडी तक्रारींवर लावलेला आहे. तक्रारदारांनी तोंडी मागे घ्यायला हवी.’ तक्रारदार कोण, ते सांगता येत नाही, कारण नामनिर्देशाचा संस्थेचा हेतू नाही.

बंद फ्लॅटची किल्ली सोसायटीकडे होती, पण दर वेळी वर चढून पाणी कोण ओतणार? वॉचमनच्या कामात ते बसत नाही, प्लंबर फेरीचे दोनशे मागतो, ते कोणत्या खात्यातून द्यायचे यावर ठराव नाही. काकांनी तोडगा काढला. वही, किल्ली आणि एक प्लॅस्टिकचा मग घेऊन ते स्वतः चौथ्या मजल्यावर आले.

‘तुम्ही त्याच मजल्यावर आहात,’ ते म्हणाले, ‘आणि विषयाचा अभ्यासही झालाय तुमचा.’

वहीत आता सातवा रकाना आहे. ‘पाणी ओतले : होय/नाही’. सही माझी. तेलही माझंच.