‘सोलर बसवा आणि २५ वर्षं विसरा’ हा मेसेज पुढे ढकलायच्या आधी जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, जिकडे बघावं तिकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरात ‘सोलर म्हणजे झिरो मेंटेनन्स, एकदा बसवा आणि २५ वर्षं विसरा’ आणि खाली मुद्दे. पॅनलमध्ये डीसी करंट असतो, त्याने शॉक लागत नाही. मेन स्विच पाडला की सगळं डेड, मग खुशाल पाइप मारून धुवा. तसं पावसाने आपोआप धुतलं जातंच. वीजरोधक लावू नका, तो वीज ओढून घेतो. अर्थिंग घराचं आहे तेच पुरतं. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल बसवायचा सांगाडा, गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या, निम्म्यात होतं. आणि नंतर कधीही दोन-चार पॅनल वाढवता येतात. शेवटी नेहमीप्रमाणे ‘जनहितार्थ’.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याच्या वर कितीही बसवा तरी ७८ हजार सबसिडी, त्यामुळे आता ज्यांनी कधी फ्यूज बदलला नाही त्यांच्याही गच्चीवर सोलर आलंय, आणि हा मेसेज वाचून लोक खरंच तसं वागतायत. मी याच लाइनमध्ये आहे, आणि नवीन बसवण्यापेक्षा दुसऱ्याने बसवलेलं दुरुस्त करण्यात माझा जास्त वेळ जातो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी त्यात जेवढं खरं आहे ते मान्य करू. पॅनलमध्ये हलणारा पार्ट नाही, ऑइल नाही, बेअरिंग नाही, चांगलं पॅनल २५ वर्षं वीज देतं यात वाद नाही. पण ती २५ वर्षं म्हणजे परफॉर्मन्स वॉरंटी, म्हणजे एवढ्या वर्षांनी वीज मूळ क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांच्या खाली जाणार नाही असा शब्द. पॅनलच्या बनावटीतल्या दोषांची वॉरंटी वेगळी, ती बहुतेक १० किंवा १२ वर्षं. इन्व्हर्टरची (पॅनलच्या डीसीचा घरातला एसी करंट बनवणारी पेटी) आणखी वेगळी, ५ ते १० वर्षं. आणि वायर, जॉइंट, नटबोल्ट, अर्थिंग, यांची वॉरंटी त्या २५ मध्ये कुठेच येत नाही, आणि भानगडी सगळ्या तिथेच होतात. पॅनल बिचारं गप पडून असतं.

आता डीसीने, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटने, शॉक लागत नाही हे. मला वाटतं हे मोटरसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून लोकांच्या डोक्यात बसलंय. हल्लीचं ५४० वॅटचं एक पॅनल घ्या, उघड्या सर्किटला, म्हणजे काही जोडलेलं नसताना, त्याचं व्होल्टेज ४९-५० असतं. ३ किलोवॅटला अशी ६ पॅनल लागतात आणि ती सिरीजमध्ये, एकापुढे एक जोडतात, व्होल्टेजची बेरीज होते, म्हणजे गच्चीवरून इन्व्हर्टरकडे खाली येणाऱ्या त्या काळ्या-लाल वायरींत ३०० च्या आसपास व्होल्ट असतात. घरातल्या सॉकेटपेक्षा जास्त. शेतातल्या सौर पंपाला पॅनल आणखी जास्त असतात, तिथे त्याहून चढं. आणि घाण म्हणजे आपला तो खिशातला टेस्टर इथे भरवशाचा नाही, कारण बऱ्याच ठिकाणी या दोन्ही वायरी जमिनीशी जोडलेल्या नसतात, त्यामुळे एकीला टेस्टर लावला तर दिवा लागेलच असं नाही. वायरमन म्हणतो डेड आहे, आणि दोन हात दोन टोकांना लावतो. डीसी मोजता येणारा मीटर लागतो, आणि तो वापरता येणारा माणूस.

मेन स्विच पाडला की सगळं डेड, हा या मेसेजमधला सगळ्यात वाईट मुद्दा. मेन पाडला, किंवा महावितरणची लाइट गेली, की इन्व्हर्टर थांबतो, बरोबर. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घराची वीज जाऊन लागेल. (म्हणून ‘लाइट गेल्यावरही ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) सोलर चालवायचा जुगाड’ वाले व्हिडिओ बघून घरच्या बॅटरी इन्व्हर्टरला किंवा जनरेटरला ते जोडायला जाऊ नका, हात जोडून सांगतो.) पण इन्व्हर्टर थांबला म्हणजे पॅनल थांबलं असं नाही. सूर्याला कुठे स्विच आहे? ऊन आहे तोपर्यंत पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंतच. डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनल आणि इन्व्हर्टरच्या मधला स्विच, पाडला तर त्याच्या पुढचा इन्व्हर्टरकडचा भाग डेड होतो, पॅनलकडचा भाग तरीही नाही. ढगाळ दिवशी करंट कमी होतो, व्होल्टेज मात्र बऱ्यापैकी तसंच राहतं.

अमेरिकेत न्यू जर्सीत सप्टेंबर २०१३ मध्ये डिट्झ अँड वॉटसन कंपनीचं मोठं गोदाम जळालं, छतावर सात हजारांहून जास्त पॅनल होती, आणि ती जिवंत असल्यामुळे फायरवाल्यांना छतावर जाऊन नेहमीसारखं काम करता आलं नाही. आपलं घर म्हणजे गोदाम नाही हे मान्य, पण विज्ञान तेच. कधी आग लागलीच तर फायर ब्रिगेडला फोनवरच सांगा की वर सोलर आहे, आणि स्वतः बादली घेऊन पळू नका.

आग लागते कशी, तर बहुतेक वेळा जॉइंटला. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही, एकदा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, सुरू झाला की इलेक्ट्रिक वेल्डिंगसारखा जळतच राहतो. म्हणून डीसी बाजूला साधा एसीवाला एमसीबी टाकणं हा गुन्हा आहे, आणि तरी मी तो टाकलेला बघतो, कारण दुकानात तो स्वस्त मिळतो आणि दिसायला सारखाच. दुसरं ते एमसी-४ कनेक्टर, पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडणारे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, ‘कट’ असा आवाजही येतो, पण आतला संपर्क नीट होईलच याची खात्री नाही, मग तो गरम होतो, प्लॅस्टिक वितळतं. पक्कडीने दाबलेली क्रिंप (वायरच्या टोकाची दाबून बसवलेली पिन) हा तर वेगळाच विषय. आणि चालू सिस्टिममध्ये कनेक्टर उपटू नका, आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग कनेक्टर, या क्रमाने.

याच्याशी लागून एक लक्षण सांगतो जे जवळपास सगळे दुर्लक्षित करतात. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा, ‘आयसोलेशन’ किंवा ‘इन्सुलेशन’ची एरर, आणि दहा-अकरा वाजता ऊन पडलं की आपोआप ठीक. लोक म्हणतात, जाऊदे, होतं चालू. अहो, ते चालू होतं कारण ओलावा सुकतो. याचा अर्थ कुठेतरी वायर सोललेली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय आणि करंट स्ट्रक्चरमध्ये उतरायला बघतोय. खारीने, उंदराने कुरतडलेलं असतं, नाहीतर वायर पॅनलखाली बांधलेलीच नसते, पत्र्यावर घासून घासून सोलते. साधी घराची पीव्हीसी वायर वापरली असेल तर उन्हाने दोन-तीन वर्षांत भेगा पडतात, तिथे सोलरसाठीचीच डीसी केबल पाहिजे, साधारण ४ स्क्वेअर एमएमची. अशा सकाळी गच्चीवर जाऊन स्ट्रक्चरला हात लावायचा नाही, पाइप मारायचा तर अजिबातच नाही.

मग धुवायचं कसं, की पाऊस धुतोच? पाऊस धूळ धुतो, तीही चार महिने. दिवाळीपासून मेपर्यंत काय? आणि आपल्याकडे पॅनलचा उतार १५-२० अंशांचाच असतो, त्यामुळे पाणी खालच्या फ्रेमपाशी साचून तिथे चिखलाची पट्टी बसते. कबुतराची विष्ठा तर पावसाच्या बापाला निघत नाही, आणि ती नुसती घाण नाही. तिच्याखालचा सेल वीज बनवणं थांबवतो आणि उलट बाकीच्यांची वीज खाऊन तापतो, त्यालाच हॉटस्पॉट म्हणतात. पॅनलमध्ये त्यासाठी बायपास डायोड, म्हणजे त्या भागाला वगळून करंट वळवणारे पार्ट, असतात, पण महिनोन्महिने तसंच ठेवलं तर डायोडही जातो आणि सेलही करपतो. कबुतरं पॅनलखाली घरटी करतात, काड्या-पिसं थेट कनेक्टरच्या वर, आता वरचा आर्कचा पॅरा परत आठवा. कडेने जाळी मारून घ्या, फार खर्च नाही.

पाणी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. मऊ मॉप, साधं पाणी. साबणपावडर, तारेची घासणी, गाडी धुवायचा प्रेशर पंप, यातलं काही नको. बोअरचं क्षारवालं पाणी सुकलं की पांढरा थर बसतो आणि तो काही केल्या निघत नाही. आणि आरओचं वाया जाणारं पाणी ‘सत्कारणी लावू’ म्हणून पॅनलवर ओतणारे भेटतात, त्या पाण्यात क्षार जास्तच असतात, ते फरशीला वापरा. पॅनलवर पाय देऊन चढू नका, काच फुटत नाही पण आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात ज्या डोळ्याला दिसत नाहीत. आणि सिमेंटच्या पत्र्यावर पॅनल असतील तर स्वतः चढूच नका, तो पत्रा माणसाचं वजन घेत नाही. शॉकचं एवढं बोललो, पण पडून हातपाय मोडणं हेही तितकंच खरं आहे, कठडा नसलेल्या गच्चीवर ओल्या फरशीवर मागे मागे सरकत मॉप मारणारे काका बघितले की पोटात गोळा येतो. पट्टा बांधलेला माणूस बोलवा.

वीजरोधक वीज ओढून घेतो, हे आमच्या आजीच्या काळापासून चालत आलंय. वीज कुठेतरी लांब पडणार होती ती तो तुमच्या घरावर बोलावत नाही. तुमच्या घरावर पडणारच असेल तर तिला जमिनीत जायला सरळ वाट देतो. नाहीतर ती स्ट्रक्चरमधून, वायरीतून, इन्व्हर्टरमधून वाट काढणार. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेच्या वळवात काय विजा कोसळतात ते वेगळं सांगायला नको. त्याची पट्टी वेगळी, सरळ, कमीत कमी वळणं घेऊन खाली गेली पाहिजे, स्ट्रक्चरलाच जोडून मोकळे झाले तर काय उपयोग? आणि जवळपास वीज पडली तरी वायरीत झटका येतो, त्यासाठी डीबीमध्ये (स्विचच्या पेटीत) एसपीडी, म्हणजे तो झटका जमिनीत वळवणारा पार्ट, असतो, त्यावर छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे त्याने एकदा तुम्हाला वाचवलंय आणि आता तो संपलाय, बदला. ही खिडकी बघणारा मालक मला क्वचितच भेटला.

अर्थिंग घराचंच पुरतं म्हणणाऱ्याने ते शेवटचं कधी मोजलं विचारा. रीतीप्रमाणे तीन खड्डे लागतात, एक पॅनल आणि स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टर-एसी बाजूचा, एक वीजरोधकाचा, आणि रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत. आपल्याकडे खाली मुरूम नाहीतर काळा कातळ, दोन फुटांवर सब्बल वाजते, तिथे कॉन्ट्रॅक्टर अर्धा रॉड कापून टाकतो आणि वर झाकण लावतो. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत मोजलं तर कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. मे महिन्यात मोजा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहा, एवढं तर घरच्याला जमतं.

फॅब्रिकेटरच्या मुद्द्यावर मी त्यांच्या विरोधात नाही, गेट आणि ग्रिल ते झकास करतात. पण खाली कपडे-पापड वाळवायला जागा हवी म्हणून आपण सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर मागतो, आणि एवढ्या उंचीवर तिरपं लावलेलं पॅनल म्हणजे वाऱ्याला शीडच. ताशी १५० किलोमीटर वारा धरून डिझाइन करायचं असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे कसे उडाले ते कोकणातल्या माणसाला विचारा. गॅल्व्हनाइज पाइप आणून वेल्डिंग केलं की त्या जागेचा जस्ताचा थर जळतो, वर चंदेरी रंग मारतात, खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू. बोल्ट स्टेनलेसचे, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, पाना लावून कसलेले. स्लॅबला भोकं पाडून अँकर मारले असतील तर वॉटरप्रूफिंग कोण करणार ते आधीच ठरवा, नाहीतर जुलैत बेडरूममध्ये बादली.

नंतर दोन पॅनल वाढवा, हे ऐकायला सोपं वाटतं. घरगुती इन्व्हर्टर बऱ्याचदा ५५० किंवा ६०० व्होल्टपर्यंतच घेतात. वाढवत वाढवत एका सिरीजमध्ये ११ पॅनल झाली की साधारण ५४५ व्होल्ट, म्हणजे ५५० वाल्यात कागदावर बसतं. पण पॅनल जितकं गार तितकं व्होल्टेज जास्त. निफाडला डिसेंबरच्या सकाळी पारा ५ अंशांवर आला की तेच ५७० च्या पुढे जातं, आणि इन्व्हर्टर जळाला तर वॉरंटीवाला इन्व्हर्टरमधली व्होल्टेजची नोंद बघून हात वर करतो. शिवाय महावितरणकडे मंजूर क्षमता वेगळी आणि गच्चीवर वेगळी, तो घोळ निराळाच.

पीएम सूर्यघरमधून बसवलं असेल तर पहिली पाच वर्षं मेंटेनन्स व्हेंडरनेच करायचं असतं, करारातच आहे, कागद काढून बघा. फोन करून बोलवा. कनेक्टर तपासून घ्या, बोल्ट कसून घ्या, एसपीडी दाखवायला सांगा, तिन्ही अर्थिंगची व्हॅल्यू तुमच्यासमोर मोजून तारखेसकट सहीनिशी लिहून घ्या. ‘साहेब, सगळं ओके आहे’ असं खालूनच, गच्चीवर न जाता म्हणाला, तर त्याला चहा देऊ नका.