भरल्या टाकीतला चरा

ॲक्रिलिकच्या फिशटँकवर चरा उमटला की घरी येणारा प्रत्येक माणूस काचेचा जाणकार होतो. शेजारचे काका ब्लेडने खरवडायला सांगतात, कारण त्यांच्या टाकीचं शेवाळ ते तसंच काढतात. मावशी वर्तमानपत्राचा बोळा सुचवतात. एखादा अभ्यासू भाचा काचेला चकाकी आणणाऱ्या सिरियम ऑक्साइडच्या भुकटीचं नाव घेतो आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघतात. आपल्याकडे घरोघरी टाक्या काचेच्या, म्हणून सल्लेही काचेचेच. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, हे एकदा मोठ्याने सांगावं आणि मंडळींना चहा द्यावा. निदान हात तरी गुंततात.

या प्लास्टिकचे गुण मोठे आहेत. काचेच्या निम्म्या वजनाचं, धक्का सोसणारं, वाकवता येणारं; मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात 2015 च्या नूतनीकरणात केलेला बोगदा ॲक्रिलिकचाच होता. अवगुण एकच, पण तो रोज भेटतो: ते मऊ आहे. तळाच्या वाळूचा एक कण शेवाळ काढायच्या चुंबकाच्या पॅडखाली अडकला, की आपण समाधानाने वरखाली हात फिरवतो आणि तो कण चरे कोरत जातो. बहुतेक चरे तळापासून दोन-तीन इंचांतच सापडतात, ते यामुळे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री अर्चिन हा काटेरी गोळ्यासारखा प्राणी सोडला असेल तर तो शेवाळाबरोबर थोडं ॲक्रिलिकही खरवडून खातो.

यावर सर्वांत सोपा वाटणारा सल्ला म्हणजे ‘टाकी रिकामी करा’. चार फूट बाय दीड बाय दीडच्या टाकीत सुमारे 240 लिटर पाणी मावतं. म्हणजे वीस लिटरच्या बारा बादल्या बाहेर, बारा आत, आतल्यांचं क्लोरीन मारायचं, मासे टबात, वाळू परातीत, आणि सोसायटीचं पाणी सकाळी अर्धा तास. त्यापेक्षा भरल्या टाकीत हात घातलेला परवडतो.

आधी चरा बाहेर आहे की आत, ते ठरवा. बाहेरून पाण्याचं बोट फिरवा. चरा पुसट झाला तर तो बाहेरचा. काही फरक पडला नाही तर आतला. मग नख फिरवा. नख अडकलं तर खरखरीत कागदापासून सुरुवात. अडकलं नाही तर नुसत्या पॉलिशवरही भागतं.

बाहेरच्या चऱ्याला गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, पुरतो. त्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. नख अडकत असेल तर 800, मग 1000, 1500, 2000 आणि 3000. कागद बोटांवर गुंडाळू नका, बोटागणिक खळगे पडतात. फोमच्या ठोकळ्यावर गुंडाळा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि कागद सतत ओला ठेवा. एक नंबर आडवा घासला की पुढचा उभा. आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण पुसल्या गेल्या तरच पुढे जायचं, आणि मध्ये स्वच्छ मऊ फडक्याने पुसायचं. 800 चा एक कण 3000 च्या कागदाखाली राहिला की पुन्हा श्रीगणेशा. शेवटी प्लास्टिकचं पॉलिश, हाताने. ड्रिलला बफ, म्हणजे पॉलिशची फिरती गादी, लावायचा मोह होतो, पण शंभर अंशांच्या आसपास ॲक्रिलिक मऊ पडतं आणि एकाच जागी फिरणारा बफ तेवढा तापायला वेळ लागत नाही.

एक मात्र कडक पथ्य. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, थिनर यांतलं काहीही भरल्या टाकीला लावू नका. पाण्याच्या दाबाने तिची भिंत बाहेरून ताणलेली असते, त्यात रसायन लागलं की आतवर बारीक भेगांचं जाळं पसरतं. चरा घासून जातो, हे जाळं जात नाही.

आता आतला चरा. इथे पॉलिश नाही, साबण नाही, टूथपेस्ट तर नाहीच. टूथपेस्टवर आपल्या लोकांची इतकी श्रद्धा आहे, की माशांनाही दात असतात असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. आत चालतो फक्त पाण्याखाली वापरायचा मायक्रोमेशसारखा कापडी कागद आणि आपला दंड. मायक्रोमेशचे आकडे वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा. त्याचा 1500 हा साध्या वॉटर पेपरच्या 1500 पेक्षा बराच खरखरीत, चारशेच्या जवळ जाणारा. तिथून 1800, 2400, 3200, 3600, 4000, 6000, 8000 असं चढत 12000 ला शेवट. चराच काढायचा, पण त्यासाठी आधी हजार बारीक चरे पाडायचे आणि मग त्यांना आणखी बारीक चऱ्यांनी मारायचं, असा हा सगळा व्यवहार आहे.

हीटर, पंप, फिल्टर, सगळ्यांचे प्लग काढा. नुसती बटणं बंद करून भागत नाही. अंगठी, घड्याळ, हातावरचं क्रीम उतरवा. भिंतीलगतची वाळू चार इंच मागे सारा. कागद वाळूत पडला तर तो फेकून द्या, धुऊन वापरायची काटकसर नको. फ्लॉवरहॉर्न असेल तर मध्ये जाळीचा पडदा सरकवा. घराला भाग्य लाभावं म्हणून आणलेला हा मासा यजमानाच्या हातावर तुटून पडतो. अरोवाना असेल तर झाकण हाताएवढंच उघडा. ती दचकली की उडी मारते, आणि मग दिवाणखान्यात आपण तिच्यामागे.

घासताना पांढरी भुकटी सुटते. ॲक्रिलिक पाण्यापेक्षा थोडंच जड, घनता 1.19, त्यामुळे ती रेंगाळत खाली बसते. दुसऱ्या कुणाला तरी सायफनची नळी हाताच्या जरा खाली धरून उभं करा. हे काम घरातल्या ज्या माणसाने मासे आणायला विरोध केला होता, नेमक्या त्याच्याच वाट्याला येतं. बोलणी खायची तयारी ठेवा.

पाण्याखाली खरी पंचाईत नजरेची होते. पाणी चऱ्यात भरून राहतं, म्हणून तो असतो त्यापेक्षा बरा दिसतो. टाकीचा दिवा बंद करून बाहेरून तिरपा टॉर्च मारल्याशिवाय खरं कळत नाही. याच कारणाने आत 8000 ला थांबलं तरी बहुतेक वेळा चालतं. उरलेला धुरकटपणा पाणीच झाकतं. नख न अडकणाऱ्या आतल्या चऱ्याला तर मी हात लावूच नका म्हणेन. तो तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही.

दुसरा घोटाळा खळग्याचा. पाच सेंटिमीटरचा चरा तेवढ्याच जागेत नेटाने घासला की तिथे उथळ वाटी होते आणि त्यातून गप्पी वाकडीतिकडी दिसते. आजूबाजूला निदान पंधरा सेंटिमीटर हात फिरवत कडा विरवत न्या. खोल चरा निघत नसेल तर पुसट करून सोडून द्या.

काम संपल्यावर फिल्टरमध्ये नवा कापूस घाला, चौथा हिस्सा पाणी बदला आणि सगळे प्लग आठवणीने परत लावा. चरा गेल्याच्या आनंदात खुर्ची टाकून टाकीकडे बघत बसण्यात तासन् तास जातात, आणि तोवर बंद फिल्टरमधले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू ऑक्सिजनवाचून मरू लागलेले असतात.