पायगुण

काल (२३ जानेवारी २०२४) फुटबॉलच्या एशियन कपमध्ये भारत सिरियाकडून १-० हरला, त्याचं वाईट वाटलंच. पण त्या कोल्हापूरच्या काकांनी मला ७० व्या मिनिटाला चहा आणायला पाठवलं ते जास्त झोंबलंय. चहा निमित्त होता हो, त्यांना मला तिथून उठवायचं होतं.

आधीचं पटकन सांगतो. दोह्यात नोकरी, एशियन कप दारात आलेला, म्हणून आपल्या तिन्ही मॅचची तिकिटं काढली. ऑस्ट्रेलियानं २-० हरवलं. उझबेकिस्ताननं ३-०, त्यातला पहिला गोल चौथ्या मिनिटाला, मी तेव्हा सीट नंबर शोधत होतो. कालची मॅच मंगळवारी दुपारी अडीचला. मॅनेजरला डेंटिस्टकडे जातोय सांगून हाफ डे टाकला (दात घशात गेले, त्यामुळे अगदीच खोटं नाही), लुसैलपर्यंत मेट्रो, पुढे बस, आणि पोचलो अल बैतला. तंबूच्या आकाराचं अवाढव्य स्टेडियम, बघून छाती दडपते.

शेजारी हे काका. मुलाकडे दोन महिन्यांसाठी आलेले. मुलगा पलीकडे फोनवर. बसल्या बसल्या काकांनी सांगून टाकलं की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर चाळीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे फुटबॉल आम्हाला शिकवायचं नाही. मी शिकवत नव्हतो. मी नुसतं "नमस्कार" म्हटलं होतं.

पहिला हाफ त्यांनी पाटाकडील आणि खंडोबा या कोल्हापूरच्या तालमींच्या मॅचचं वर्णन करण्यात घालवला. समोर आपला कॅप्टन छेत्री पळतोय आणि माझ्या कानात पाटाकडीलचा कुणीतरी बॅक आडवा पडतोय. खरं सांगू का, कानातली मॅच जास्त रंगतदार होती.

हाफटाईमला ०-०. काका वळले.

"पाव्हणं, आधीच्या दोन्ही मॅचला आला हुता?"

"हो, दोन्ही."

"दोन्ही." त्यांनी मुलाकडे बघितलं. "आन् गेल्या साली भुवनेश्वरला आपण लेबनॉनला हरवलं, बंगळुरात सॅफच्या, दक्षिण आशियाच्या कपच्या, फायनलला कुवेतला हरवलं, तवा कुठं हुता?"

"इथेच, दोह्यात."

"बगा."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पुण्याचा, मुद्दा खोडल्याशिवाय पाणी पीत नाही. म्हटलं काका, २०१९ च्या एशियन कपला थायलंडला ४-१ हरवून नंतर यूएई आणि बहरीनकडून हरलो, तेव्हा मी पुण्यात होतो, मग माझा काय संबंध?

"टीव्हीवर बगितल्या?"

"यूएई आणि बहरीन बघितल्या."

"आन् थायलंड?"

थायलंडच्या दिवशी मी मावसभावाच्या साखरपुड्याला होतो. हे मी कशाला सांगितलं मला माहीत नाही. काकांनी डोळे मिटले, डॉक्टर रिपोर्ट वाचून मिटतात तसे. मागच्या रांगेतल्या दोन मल्याळी पोरांना मुलानं इंग्रजीत समजावलं, ती पण माझ्याकडे बघायला लागली.

म्हणजे बघा, आयएसएलमध्ये, आपल्या देशातल्या फुटबॉल लीगमध्ये, गोल मारायच्या जागेवर बहुतेक क्लब परदेशी माणूस उभा करणार, आपल्या पोरांना ती सवयच लागणार नाही, मग ३९ वर्षांच्या छेत्रीकडेच बघत बसायचं, आणि दोष कुणाचा, तर माझा. टीमसाठी ज्योतिषी लावल्याच्या बातम्या पेपरात आल्या होत्या तेव्हा मी किती हसलो होतो. त्या ज्योतिषांनी निदान फी तरी घेतली असेल, इथे काकांनी माझी अख्खी कुंडली फुकटात मांडली.

७० व्या मिनिटाला काका एकदम गोड झाले. "जरा चहा आणतासा? तिघांचा. सावकाश या, गडबड न्हाई."

मी गेलो. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट ही की मनात म्हटलं, जाऊन बघू, झाला गोल तर झाला. रांगेत मुद्दाम दोघांना पुढे सोडलं. चहा घेऊन जिन्याला लागलो, तेवढ्यात आतून जी काही गर्जना आली, अंगावर काटा आला, तीन कप सांभाळत जिने चढत पळालो, अर्धा चहा मनगटावर. वर येऊन बघतो तर सिरियाची माणसं एकमेकांच्या खांद्यावर. ७६ वं मिनिट, ओमर ख्रिबिन. ते पहिल्यांदाच बाद फेरीत चाललेले, आणि आमचे तीन मॅच, सहा गोल खाल्ले, मारला एकही नाही.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "लई लवकर आला राव."

गोल मी जिन्यात असताना झाला होता. हे मी त्यांना घड्याळ दाखवून सांगितलं. ते म्हणाले, "तेच म्हंतोय. परत यायला निगाला तवाच झाला."

चहाचे पैसे कुणी काढले नाहीत. उलट बसच्या रांगेत काकांनी माझा नंबर घेतला. मला वाटलं, चला, वाईट वाटलं असेल, जेवायला बोलावतील. रात्री साडेदहाला मेसेज आला: "२१ मार्च. अफगाणिस्तान. त्या दिवशी टीव्ही लावू नका. कुणाचा साखरपुडा असंल तर जावा."

बायकोला चिडून दाखवला तर तिनं शांतपणे कॅलेंडर उघडलं.