निळा आहे ना, मग झालं!

टाकीतलं पाणी हिरवंगार. मासे आहेत की नाहीत हे फक्त खाणं टाकल्यावर कळायचं. पाणी बदलावं तर आठवडा सरायच्या आत पुन्हा तेच. म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून यूव्ही आणला, म्हणजे अतिनील किरणांनी पाण्यातलं शेवाळ मारणारा दिवा. अठराशे रुपये, बिल नाही. तो लावूनही पाणी ढिम्म, तेव्हा परवा खोलून पाहिला. आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी आणि आत निळ्या एलईडीची पट्टी! गणपतीच्या मखराला लावतात तीच.

तडक दुकान गाठलं. दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "यूव्हीच आहे साहेब."

मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक सरसावलं. कोपरात हेल्मेट, हातात रबर लावलेली पिशवी, पिशवीत एक बावरलेला गोल्डफिश.

"पेटतो ना?"

"पेटतो. पण—"

"निळा पेटतो ना?"

"अहो, हे किरण दिसतच नाहीत. तरंगलांबी 254 नॅनोमीटर. खऱ्या नळीत जो निळसर उजेड दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा, वरकड. शेवाळ मारतो तो न दिसणारा भाग."

गृहस्थ दुकानदाराकडे वळले. "म्हणजे यांचं म्हणणं, दिसतो तो खोटा आणि दिसत नाही तो खरा." दुकानदार पहिल्यांदाच हसला.

"साधी काचसुद्धा हे किरण अडवते, म्हणून आत क्वार्ट्झची नळी लागते. शिवाय डोळे जाऊ नयेत म्हणून बाहेरचं कवच बंद असतं. हे तर आरपार आहे!"

"मग चांगलंच की! डोळ्यांना सेफ." पिशवी हिंदकळली. "आमच्याकडे डास मारायचं मशीन आहे. तेही निळंच. पटापट मरतात."

"डास त्या उजेडाने मरत नाहीत हो, जाळीच्या करंटने मरतात!"

"मेल्याशी मतलब."

आता याच्यावर काय बोलणार? याच माणसाच्या ओट्यावर पाण्याचा फिल्टर टांगलेला असणार. त्यातली यूव्हीची नळी स्टीलच्या डब्यात बंद असते, आजवर कुणी तिचं तोंड पाहिलेलं नाही. तरी सर्व्हिसवाला "लॅम्प बदलावा लागेल" म्हणाला की आपण गुमान पैसे काढतो. बरं, तो खोटं बोलतो असंही नाही. आठ-नऊ हजार तास जळल्यावर नळीचा जोर ओसरतो, उजेड मात्र तसाच दिसत राहतो. म्हणजे अस्सल मालही डोळ्यांनी पारखता येत नाही आणि नकली पकडला तर गल्ल्यावर पाटी: 'इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही.' ग्राहकाने तक्रार करायची ती बिलाच्या जोरावर. बिल मागितलं की हेच लोक म्हणतात, "जीएसटी लागेल, चालेल?" आणि आपल्याला तेव्हा ते चालत नाही, हे त्यांना पाठ असतं.

"यांच्यासारखा मलाही एक द्या," गृहस्थ म्हणाले. दुकानदाराने त्यांना तो सोळाशेला लावला. माझ्यादेखत!

वर ते मलाच विचारतात, "साहेब, हा फिल्टरच्या आधी लावायचा की नंतर?"

"नंतर," मी दात-ओठ खात म्हणालो. "गाळ निघालेलं पाणी संथ सोडायचं, म्हणजे किरण आत पोचतात."

"बघा," दुकानदार त्यांना म्हणाला, "साहेब स्वतः वापरतात."